मोडलेली वाट



यशयाच्या ५८व्या अध्यायात लोकांची तक्रार आहे की, आपण उपवास करतो तरी देव त्याची दखल घेत नाही. देवाचे उत्तर भुकेल्याच्या घासाबद्दल बोलते आणि मोडलेल्या वाटा पुन्हा उभारणाऱ्यांपर्यंत येते.

सप्टेंबर २०२४ मध्ये हेलेन चक्रीवादळाच्या पावसाने अमेरिकेतील उत्तर कॅरोलिनाच्या डोंगराळ भागात महापूर आला. रॉकी ब्रॉड नदीकाठचा बॅट केव्ह ते चिमनी रॉक हा रस्ता उद्ध्वस्त झाला. तेव्हा वेस्ट व्हर्जिनियातील कोळसा खाणकामगार स्वेच्छेने यंत्रे घेऊन आले आणि दगडमातीची भर घालून त्यांनी वाहनांसाठी वाट केली. खडक हलविणे, माती उपसणे हा त्यांचा पोटाचा धंदा. तेच कसब त्यांनी परक्यांच्या दारापर्यंत पोहोचण्यासाठी वाहिले.

ती वाट कच्ची होती. पक्का रस्ता मागाहून बांधायचाच होता. पण कच्च्या वाटेनेही औषध पोहोचते.

आपण मात्र पक्क्या रस्त्यासाठी खोळंबून राहतो. दुरावलेल्या भावाकडे जायला योग्य प्रसंग हवा, मंडळीतील तेढ मिटवायला सभा हवी. तोवर पलीकडचा माणूस एकटाच राहतो. देव आणि मनुष्य यांच्यामधील दरी ख्रिस्ताने स्वतःचा देह देऊन भरून काढली. आपण योग्य होईपर्यंत तो थांबला नाही.

म्हणून उपवासात एक घास कमी कराल, तेव्हा एक टोपली माती कोठे टाकायची हेही ठरवा. प्रभू आपल्या हातांना बळ देवो. आमेन.