खुब्याचं हाड आणि तीस दिवसांचा हिशेब

टाळेबंदीत रस्त्यावरची वाहनं थांबली, घरातलं पडणं थांबलं नाही. गुडघा बदलायच्या किंवा मणक्याच्या ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलता येतात. रात्री बाथरूमला उठताना पाय घसरून खुबा मोडलेल्या ऐंशीच्या बाईंना मात्र ‘साथ ओसरल्यावर या’ असं सांगता येत नाही. म्हणूनच ब्रिटनमध्ये २०२० च्या मार्चमध्ये बाकीचं सगळं बंद होत असतानाही खुब्याचं फ्रॅक्चर तातडीच्या यादीत राहिलं. शस्त्रक्रिया होत राहिल्या. त्यांचे निकाल आले, आणि ते घाईने वाचले गेले.

सुरुवातीच्या निकालांपैकी एक स्कॉटलंडचा. सहा रुग्णालयं, टाळेबंदीच्या आधीचे आणि नंतरचे मिळून ४६ दिवस, खुबा मोडलेले ३१७ रुग्ण. कोविड नसलेल्यांपैकी ९१.७ टक्के तीस दिवसांनंतर हयात होते. कोविड झालेल्यांपैकी ६४.५ टक्के. त्याच सुमारास ‘लॅन्सेट’मध्ये २४ देशांतल्या ११२८ रुग्णांचा अभ्यास आला. नाना प्रकारच्या शस्त्रक्रिया झालेल्या या कोविडग्रस्तांपैकी २३.८ टक्के तीस दिवसांत दगावले होते. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की सोपा निष्कर्ष निघतो: कोविडमध्ये ऑपरेशन म्हणजे मरणाला आमंत्रण.

पुढे ढकलता येण्याजोग्या शस्त्रक्रियांपुरतं ते ठीक आहे. खुब्याच्या बाबतीत मला ते पटत नाही. इथे ऑपरेशन न करणं म्हणजे धोका टाळणं नव्हे. मोडलेला खुबा तसाच ठेवला तर माणूस उताणा पडून राहतो, कूस बदलताना कळवळतो, वेदनेपोटी धड खोकतही नाही. फुप्फुसात कफ साठतो, पायात रक्ताची गुठळी होते, पाठीला जखमा होतात. आधीच विषाणूने धरलेल्या फुप्फुसांना यापेक्षा वाईट अवस्था कोणती? रॉड टाकणं किंवा गोळा बसवणं हा इथे दुखणं कमी करण्याचा आणि माणसाला बसतं करण्याचा उपाय असतो. ‘ऑपरेशन न केलेल्यांचं काय झालं’ ही तुलनाही फसवी, कारण भूल सोसणारच नाही अशा सर्वांत खंगलेल्या रुग्णांचंच ऑपरेशन सहसा टाळलं जातं.

स्कॉटलंडच्या त्या अभ्यासातला दुसरा एक आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कोविड झालेले रुग्ण होते २७. भरती होताना त्यांतल्या फक्त सातजणांबद्दल कोविडची शंका होती. उरलेल्या वीसजणांतले काही संसर्ग अंगात घेऊनच आले असतील, काहींना तो वॉर्डातच लागला असेल. सत्तावीस माणसांवरून फार मोठं विधान करू नये हे खरंच. पण वॉर्डात लागलेला संसर्ग सर्जनच्या खात्यावर लिहिणं चूक, एवढं म्हणायला सत्तावीस पुरतात.

वॉर्डानंतर डिस्चार्ज. इंग्लंडमध्ये १७ मार्च ते १५ एप्रिल २०२० या काळात, खाटा मोकळ्या करण्यासाठी सुमारे २५ हजार रुग्णांना रुग्णालयांतून वृद्धांच्या केअर होममध्ये पाठवलं गेलं, आणि पाठवण्यापूर्वी सर्वांची चाचणी करण्याचा नियम तेव्हा नव्हता. लक्षणं नसलेल्यांकडूनही संसर्ग पसरू शकतो हा धोका त्या धोरणात विचारातच घेतला नाही, म्हणून लंडनच्या उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ते बेकायदा ठरवलं. खुबा मोडलेले वृद्ध नेमके याच वाटेने घरी किंवा केअर होमला जातात.

साथीच्या तोंडावरच, फेब्रुवारी २०२० मध्ये, आणखी एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. १७ देशांतले खुबा मोडलेले २९७० रुग्ण, त्यांत भारतातलेही. एका गटाचं ऑपरेशन निदानानंतर साधारण सहा तासांत, दुसऱ्याचं साधारण चोवीस तासांत. नव्वद दिवसांतल्या मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक पडला नाही: ९ टक्के आणि १० टक्के. पण लवकर ऑपरेशन झालेले लवकर उभे राहिले आणि त्यांच्यात भ्रम कमी दिसला. लवकर केल्याचा फायदा तो. साथीत नेमकी हीच बाजू उघडी पडली. फिजिओथेरपिस्ट, नर्स, वृद्धांचे डॉक्टर कोविडच्या कामाला लागले, नातेवाइकांना दारातच थांबवलं गेलं.

आपल्याकडे तर निम्मी शुश्रूषा घरचं माणूसच करतं. भरवणं, बेडपॅन देणं, मेडिकलमधून औषधं आणणं, ‘चल, दोन पावलं टाक’ म्हणून मागे लागणं. ओळखीतल्या एका आजी एप्रिल २०२० मध्ये पडल्या. स्वॅबचा रिपोर्ट येईपर्यंत ऑपरेशन नाही, म्हणून पायाला वजन लावून ठेवलं. मुलगी खाली गेटवर डबा देऊन परत फिरायची. वर आजी मास्क लावलेल्या प्रत्येक नर्सला मुलीच्या नावाने हाक मारायच्या. ऑपरेशन उत्तम झालं, एक्स-रे बघून डॉक्टर खूश. वॉकर घरी आला तो कपडे वाळत घालायला उपयोगी पडला. आजी पलंगावरून पुन्हा उतरल्या नाहीत, पण तीस दिवसांच्या हिशेबात त्या यशस्वी रुग्ण ठरल्या असत्या.

ठरल्या असत्या, म्हणजे हिशेब असता तर. इंग्लंड-वेल्समध्ये २००७ पासून खुब्याच्या रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही आहे. तिची सुरुवात अस्थिरोगतज्ज्ञ आणि वृद्धांचे डॉक्टर यांच्या संघटनांनी मिळून केली. तिच्यात १२० दिवसांनंतरची चौकशीही असते: माणूस कुठे राहतो, चालतो का. स्कॉटलंडची अशी पाहणी तर १९९३ मध्येच सुरू झाली. साथीने किती नुकसान केलं हे त्यांना काही आठवड्यांत सांगता आलं ते मोजण्याची ही सवय आधीपासून होती म्हणून. आपल्याकडे २०२० मध्ये अशी देशव्यापी नोंद नव्हती. साथीच्या दोन वर्षांत खुब्याची किती ऑपरेशनं झाली, याचं उत्तर आपल्या एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या बिलिंग खात्यातून बहुधा मिळेल. त्यांतले किती जण चार महिन्यांनी स्वतःच्या पायांनी संडासापर्यंत जाऊ लागले, हे विचारायला कुठल्या खिडकीवर जायचं?