सवय असलेल्यांचे गुण

ओढा आजारी आहे का, हे बघायचं असेल तर आम्ही त्यातल्या किड्यांकडे जातो. पद्धत साधी आहे. पाण्यात उतरायचं, जाळं धरायचं, त्याच्या वरच्या अंगाचे दगड पायानं ढवळायचे आणि वाहत आलेला गाळ पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून थांबायचं. मिनिटभरात काहीतरी हलायला लागतं.

रासायनिक तपासणी बाटली भरली त्या क्षणाचं सांगते. काल रात्री दोन वाजता कुणी काय सोडलं, ते सकाळच्या बाटलीत सापडेलच असं नाही. किडे मात्र महिनोन्महिने तिथेच असतात. रात्रीचे दोनसुद्धा त्यांनी तिथेच काढलेले असतात. (ओळख पटवायला त्यातले काही अल्कोहोलमध्ये जातात. तो वेगळाच नैतिक प्रश्न, आज नको.)

मग गुण द्यायचे. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस बीएमडब्ल्यूपी नावाची पद्धत तयार झाली. तिच्यात किड्यांच्या प्रत्येक कुळाला १ ते १० गुण आहेत. स्टोनफ्लायच्या बहुतेक कुळांना १०, मेफ्लायच्या अनेक कुळांना १०, बहुतेक जळवांना ३, कायरोनॉमिड माश्यांच्या अळ्यांना २ आणि गाळातल्या गांडूळवर्गीय कृमींना १. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानंही याच धर्तीवर नद्यांना निळ्यापासून लालपर्यंत पाच रंगांत बसवलं आहे.

या गुणांमागच्या कल्पनेला शास्त्रात ‘सहनशीलता’ म्हणतात, आणि मी इथेच अडकते. आपल्या घरात सहनशील म्हणजे कौतुक. लग्न ठरवताना सांगतात, मेल्यावर सांगतात. ट्रेमध्ये मात्र जितकं सहन कराल तितके गुण कमी.

मला ती लाल अळी भारी वाटते. कायरोनॉमस. तिच्या शरीरात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून ती लाल. जिथे ऑक्सिजन जवळजवळ उरलेला नाही अशा काळ्या चिखलातही ती तग धरते. माशांच्या दुकानात ‘ब्लडवर्म’ म्हणून मिळते तीच. नवीन आलेली मुलं तिला बघून म्हणतात, ‘ई, घाणीतला किडा.’ पण तिचे भाऊबंद सह्याद्रीतल्या स्वच्छ ओढ्यातही सापडतात, मेफ्लायच्या शेजारी, त्याच दगडाखाली. म्हणजे त्या अळ्या असणं हा काही पुरावा नाही. फक्त त्याच उरणं, हा पुरावा आहे.

एका बैठकीत नाल्याकाठच्या वस्तीचा विषय निघाला होता. कुणीतरी अगदी सहज म्हणालं, ‘त्यांना सवय असते हो.’ २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईच्या ‘स्पिरिट’चं जे कौतुक झालं, ते मला याच वाक्याचं इस्त्री केलेलं रूप वाटतं. ज्यांना दुसरीकडे जाणं परवडलं ते गेले. उरलेल्यांचं उरणं आपण त्यांचा स्वभाव म्हणून नोंदवलं.

मैत्रीण विचारते, ‘मग काय, सगळ्यांनी नाजूक व्हायचं?’ नाही. सोसणाऱ्याची ताकद खरीच आहे आणि ती त्याची स्वतःची आहे. माझं म्हणणं एवढंच, की ती नाला काळा करणाऱ्याच्या खात्यात जमा होऊ नये.

मेफ्लायच्या पिल्लाचे कल्ले पोटाच्या दोन्ही बाजूंना उघडे असतात. पाणी बिघडलं की ते लवकर संपतं. पण ट्रेमध्ये मेफ्लाय दिसली नाही म्हणून कुणी म्हणत नाही, की मेफ्लाय फारच नाजूक बुवा, हिला जरा कणखर करायला हवं. ओढा आजारी आहे, असंच लिहितात. वर्गातलं एक पोर हिवाळाभर खोकत असतं, तेव्हा मात्र आपण त्या पोरालाच दवाखान्यात नेतो. न्यायलाच हवं. पण हवेच्या नावाचा केसपेपर कुणी काढत नाही.

आमच्या तपासणीच्या तक्त्यात ‘आढळलेली कुळं’ असा रकाना आहे. ‘न आढळलेली’ असा नाही. तो मी हल्ली पट्टीनं शेजारी आखून घेते. शहराच्या खाली गेलं की तोच आधी भरतो.