उतारवयातला डाव

घरातल्या मोठ्या माणसाने ठेव मोडली, हे बहुतेक वेळा घरच्यांना बँकेत कळतं. व्याज जमा का झालं नाही म्हणून मुलगा चौकशीला जातो आणि ठेव मुदतीआधीच मोडलेली निघते. मग वडिलांचा फोन तपासला जातो, पत्त्यांचं अ‍ॅप किंवा मटक्याच्या आकड्यांचा ग्रुप सापडतो आणि घरात पहिलं वाक्य येतं, ‘या वयात लाज कशी वाटली नाही?’

लाज वाटलेलीच असते. म्हणून तर इतके महिने ते बोललेले नसतात. कुणाला कळायच्या आत गेलेले पैसे जागेवर ठेवायचे, एवढ्या एका आशेवर पुढचा डाव लावलेला असतो. पंचविशीतल्या मुलाने पैसे घालवले तर ते पुन्हा कमवायला त्याच्यापुढे उभं आयुष्य असतं. सत्तरीतल्या माणसाची ग्रॅच्युइटी आणि प्रॉव्हिडंट फंड एकदाच हातात पडलेले असतात. भरून काढायचा त्याला सुचणारा एकच मार्ग म्हणजे पुन्हा खेळणं. आपण काढलेली लाज त्याला त्याच मार्गावर पुढे ढकलते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या अक्षसूक्तात जुगारी स्वतः बोलतो, आणि तिथेही आईबाप, भाऊ त्याची ओळख नाकारतात. इतक्या शतकांनंतरही घराची पहिली प्रतिक्रिया फारशी बदललेली नाही.

या प्रश्नाला एक बाजू अशी आहे, जी प्रत्येक घराला माहीत असायला हवी. कंपवातावर दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या मेंदूत डोपामिनसारखं काम करतात. प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोल ही त्यांतली नावं. हाताची थरथर, शरीराचा ताठरपणा त्यांनी कमी होतो. पण काही रुग्णांमध्ये बक्षिसाची ओढ अनावर होते. 2005 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी जुगाराच्या आहारी गेलेल्या कंपवाताच्या 11 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. ते सगळे याच वर्गातली औषधं घेत होते. पुढे 2010 मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या 3,090 रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांत शंभरातल्या पाच जणांना जुगार आवरता येत नव्हता. जुगार, खरेदी, खाणं, कामवासना अशा सगळ्या अनावर ओढी धरल्या, तर या गोळ्या घेणाऱ्यांत त्यांचं प्रमाण सुमारे 17 टक्के आणि न घेणाऱ्यांत सुमारे 7 टक्के होतं. आयुष्यभर पै-पैचा हिशोब ठेवलेला माणूस साठीनंतर अचानक खेळू लागला, तर त्याच्या औषधांची यादी आधी डॉक्टरांना दाखवावी. गोळ्या मात्र घरच्या घरी बंद करू नयेत. त्या एकदम थांबवल्याने वेगळा त्रास उद्भवतो. मात्रा कमी करणं किंवा औषध बदलणं हे डॉक्टरांचं काम, आणि त्याने बऱ्याच जणांची ओढ ओसरते.

एका गोळीने माणसाची इच्छाशक्ती इतकी हलत असेल, तर इतरांबाबतही ‘चारित्र्य’ हा शब्द जपून वापरायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेने जुगाराच्या विकाराला आजारांच्या यादीत स्थान दिलं आहे.

अर्थात बहुतेक म्हातारी माणसं अशी कुठलीही गोळी घेत नसतात. त्यांच्या बाबतीत दिवस कसा जातो याकडे पाहावं लागतं, आणि मटक्याचा इतिहास तेच सांगतो. मुंबईत मटका सुरू झाला तो न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या-मिटत्या दरांवर पैसे लावण्यातून. 1962 मध्ये कल्याणजी भगत आणि 1964 मध्ये रतन खत्री यांनी आकडे काढायला सुरुवात केली आणि गिरणगावात तो खेळ घरोघरी पोचला. मुंबईसह राज्याच्या बऱ्याच भागात लागू असलेला जुगारबंदीचा कायदा 1887 सालचा, तरी मटका चालला. त्यात पैशाइतकंच आणखी काही मिळत होतं. ओपन आणि क्लोज या दोन वेळा दिवसाला आकार देत. रात्रीच्या स्वप्नातून कुठला आकडा निघतो यावर टपरीवर चर्चा होई, कुणीतरी तुमचं मत विचारी. 1982 च्या गिरणी संपानंतर ज्यांचा भोंगाच थांबला, त्यांच्यासाठी ही छोटी गोष्ट नव्हती. आजच्या निवृत्त माणसाच्या हातात टपरीऐवजी फोन आहे, एवढाच फरक. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, ते योग्यच झालं. पण दुपारी दोन ते पाच या वेळात वडिलांशी कोण बोलतं, हे घरालाच पाहावं लागेल.

मुलांनी स्वतःला एक अवघड प्रश्नही विचारायला हवा. आपला संताप वडिलांच्या म्हातारपणाच्या काळजीतून आलेला आहे, की आपल्या वाट्याचं गेलं म्हणून? दोन्ही असू शकतं, आणि त्यात अस्वाभाविक काही नाही. पण दुसऱ्या भावनेने पासबुक आणि एटीएम कार्ड हिसकावून घेणं आणि त्याला काळजी म्हणणं, हे मला मान्य नाही. तो पैसा त्यांच्या घामाचा आहे. त्यावर पहिला हक्क असेल तर तो आईचा, जिच्या औषधपाण्याची तरतूद त्याच ठेवीत होती आणि जिला बहुतेकदा सगळ्यात शेवटी कळतं.

म्हणून व्यवस्था त्यांच्यासमोर, त्यांच्या संमतीने व्हावी. यूपीआयची मर्यादा कमी करावी, उरलेली ठेव आई-वडील दोघांच्या सहीशिवाय मोडणार नाही अशी करून घ्यावी, कुणाकुणाचं देणं आहे ते एकदा न ओरडता ऐकून घ्यावं. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलि-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं. पहिला फोन मुलाने केला तरी चालतो. आणि पेन्शनमधली एक छोटी रक्कम दर महिन्याला त्यांच्या हातात रोख द्यावी. चहा, पेपर, नातवाचा खाऊ, जे काही असेल त्यासाठी. त्या रकमेचा हिशोब त्यांना कुणी विचारू नये.