रोजकीर्द आणि विवेक

सीताबर्डीच्या पेढ्यांतून दिवाळीस वहीपूजन होतें. वहीला हळदकुंकू वाहिल्यानें कर्ज फिटत नाहीं, हें पूजा करणाऱ्या व्यापाऱ्यास सांगावें लागत नाहीं. रोजकीर्दीवरून खतावणी होते, खतावणीवरून देणें निघतें, आणि निघालेलें देणें चुकवावें लागतें.

संगणकाच्या राज्यांत ही साखळी मध्येंच तुटते काय? माझा एक माजी विद्यार्थी जुन्या हस्तलिखितांच्या छायाचित्रांवरून संगणकाकरवीं मजकूर काढीत होता. काम माझ्याच हौसेचें. दर आठवड्यास मी नवी दुरुस्ती सुचवी, आणि तो सर्व पानें पुन्हां यंत्रांतून काढी. प्रोग्रामाला त्यानें 'कोडकार्बन' हें २०२० सालीं प्रसिद्ध झालेलें साधन जोडलें होतें. यंत्रानें किती वीज खाल्ली हें तें मोजतें. मोजतां आली नाहीं तर अंदाज बांधतें. आणि त्या प्रदेशांतील वीज कशावर निघते हें पाहून कार्बन वायूचा हिशेब मांडतें. आपल्याकडे एका युनिटामागें हा वायु सुमारें ०.७ किलो भरतो. कोराडी-खापरखेड्याचीं धुराडीं ज्यानें पाहिलीं आहेत, त्यास याचें कारण निराळें सांगावयास नको.

हा हिशेब त्याच यंत्रांत न ठेवतां, सर्व नोंदी जेथें जमतात त्या लॉगव्यवस्थेकडे पाठवितां येतो. यांत शहाणपण आहे. यंत्र मोडलें तरी नोंद उरते आणि अनेक यंत्रांचा ताळा एकत्र पाहतां येतो. परंतु लॉगांत प्रत्येक नोंदीस दर्जा असतो: माहिती, इशारा, चूक इत्यादि. कार्बनची नोंद मुद्दाम बदल न केल्यास 'माहिती' म्हणून जाते. आणि पायथन भाषेची लॉगव्यवस्था मुद्दाम न सांगितल्यास 'इशाऱ्या'हून खालच्या नोंदी गाळते. आमचें तेंच झालें. "एकंदर किती?" असें मी कौतुकानें विचारलें, तेव्हां वही कोरी निघाली. साधनानें आपलें काम केलें होतें. ऐकण्याची तजवीज तेवढी कोणी केली नव्हती. विद्यार्थी ओशाळला, पण ओशाळावयास हवें होतें मीं, कारण देणेकरी मीच होतों.

कोणी म्हणेल, एवढ्याशा कामाचा धूर तो कितीसा? असेल थोडा. पण थोडें कीं फार, हें वही उघडल्यावांचून म्हणण्याचा अधिकार कोणास? प्रत्येक नोंदीस 'चूक' म्हणावें, असेंहि माझें म्हणणें नाहीं. सदा ओरडणाऱ्याकडे कोणी लक्ष देत नाहीं. कामापूर्वीं मर्यादा ठरवावी, ती ओलांडतांच नोंदीस 'इशारा' म्हणावें, आणि तो कोणीं वाचावयाचा व काम कोणीं थांबवावयाचें, हेंहि त्याच वेळीं ठरवावें. आमच्या कामांत तो माणूस आतां मी आहें. दुरुस्त्या मी महिन्याच्या महिन्याला एकत्र देतों.

चित्रगुप्ताच्या वहीचा लोकांना धाक वाटतो, तो ती लिहिली जाते म्हणून नव्हे. ती एक दिवस वाचली जाणार आहे, म्हणून.