रंगांचा करार, तारांचा पीळ

घरातल्या भिंतीत नेटवर्कचा जॅक बसवणाऱ्याला दोन जातींचे नियम पाळावे लागतात: एक माणसांनी ठरवलेले, दुसरे निसर्गाचे. बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात हा भेद रोजच्या कामातला आहे. तिथे तयार होणाऱ्या एम १० बोल्टच्या नेहमीच्या आट्यांमधलं अंतर १.५ मिलिमीटर असतं. ते तेवढंच असावं असं पोलादाने सांगितलेलं नाही. पुण्यात बनलेला नट त्यावर बसावा म्हणून माणसांनी ते ठरवलं. तापल्यावर पोलाद प्रसरण पावतं, ते मात्र कुणी ठरवलेलं नाही.

केबलमधल्या आठ तारांचे रंग हा करार आहे. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी हा ‘टी ५६८ बी’ या मानकाचा क्रम. ‘टी ५६८ ए’मध्ये नारिंगी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल होते. विजेला रंगाचं सोयरसुतक नाही. पण काही वर्षांनी तोच डबा उघडणाऱ्या अनोळखी वायरमनला आहे, आणि त्याच्यासाठी हा क्रम पाळणं मला सौजन्याचं वाटतं.

पीळ मात्र कराराने आलेला नाही. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये पीळ दिलेल्या तारांचं पेटंट घेतलं. दोन तारा एकमेकींभोवती वळल्या की बाहेरचा विद्युत गोंगाट दोघींवर जवळजवळ सारखाच आदळतो. पलीकडचं यंत्र दोघींमधला फरकच वाचत असल्याने तो गोंगाट गळून पडतो. पीण्याच्या गल्ल्यांत, जिथे खाली वेल्डिंग आणि मोटारींचे ड्राइव्ह चालू असतात आणि वर बिऱ्हाड असतं, तिथे या पिळाची किंमत कळते. म्हणून जॅकपाशी पीळ १३ मिलिमीटरहून जास्त उलगडू नये.

खरी फसगत या दोन नियमांच्या सांध्यावर होते. ‘दोन्ही टोकांना क्रम सारखा असला की झालं’ असं मानून कुणी जोड्या जॅकच्या आठ पिनांवर ओळीने लावतो: १-२, ३-४, ५-६, ७-८. पण टेलिफोनच्या काळापासून मधल्या ४-५ वर एक जोडी आणि तिच्या दोन्ही बाजूंना, ३ व ६ वर, दुसरी अशी रचना चालत आली आहे. यंत्र ३ आणि ६ ला एक जोडी समजतं. या माणसाने तिथे दोन वेगळ्या पिळांतल्या तारा घातलेल्या असतात. साध्या टेस्टरचे आठही दिवे क्रमाने पेटतात, कारण तो फक्त तार तुटली नाही एवढंच पाहतो. मग लांब केबलवर वेग पडतो, फाइल अडते, आणि दोष राउटरच्या माथी मारला जातो.

आपल्याकडे शिकाऊ मुलांकडून रंगांचा तक्ता पाठ करून घेतात आणि पिळाबद्दल कुणी बोलत नाही, हे मला खटकतं. त्यांना एकदा मुद्दाम अशी चुकीची जोडणी करू द्यावी, एका हातभर आणि एका ऐंशी-नव्वद मीटरच्या केबलवर. टेस्टर दोन्हींना पास करेल. नंतर दोन संगणक जोडून दोन्हींवरून तीच मोठी फाइल पाठवायला सांगावी, आणि लांब केबल चालू वेल्डिंग मशीनजवळून न्यावी.