डोळ्यांची साक्ष

पौर्णिमेच्या संध्याकाळी क्षितिजावर आलेला चंद्र परातीएवढा दिसतो आणि मध्यरात्री माथ्यावर आला की तोच वाटीएवढा. वाचकहो, पुढच्या पौर्णिमेस एक करून पाहा. कागदाची नळी करून तिच्यातून उगवता चंद्र बघा, नळीचे तोंड त्याच्याभोवती नेमके बसेल इतके आवळा आणि नळी तशीच चिकटवून ठेवा. मध्यरात्री तिच्यातूनच पुन्हा बघा. चंद्र नळीत तसाच बसलेला आढळेल. दोन्ही वेळा तो आपल्या डोळ्याशी सुमारे अर्ध्या अंशाचाच कोन करतो. किंबहुना क्षितिजावर असताना तो आपल्यापासून थोडा अधिकच दूर असतो, म्हणजे किंचित लहान दिसायला हवा. मोबाइलवर त्याचे छायाचित्र काढणारा हिरमुसतो, कारण ती परात छायाचित्रात ठिपक्याएवढी उतरते.

मग ती परात होती कोठे?

या प्रश्नाचा खोलवर विचार करणाऱ्यांत अबू अली अल-हसन इब्नुल हैसम यांचे नाव अग्रभागी आहे. इ.स. ९६५ च्या सुमारास बसऱ्यात त्यांचा जन्म झाला आणि १०४० च्या सुमारास काहिरा येथे ते निवर्तले. त्यांच्या ‘किताबुल मनाझिर’ या सात भागांच्या ग्रंथाचा तिसरा भाग केवळ दृष्टीच्या चुकांविषयी आहे. पुढे त्याचे लॅटिन भाषांतर झाले आणि १५७२ साली ते बासल येथे छापले गेले. चंद्राचा प्रश्न त्यांनी सातव्या भागात घेतला आहे. त्यांचे म्हणणे असे की, वस्तूचा आकार आपण नुसत्या कोनावरून ठरवीत नाही, त्या कोनाला अंतराची जोड देतो. क्षितिज आणि आपण यांच्यामध्ये शेते, झाडे, घरे असतात. त्यांच्यामुळे अंतर मोठे वाटते. माथ्यावर मोजायला मध्ये काहीच नसते. कोन तोच, पण अंतर जास्त धरले, म्हणून वस्तू मोठी ठरली. या कारणमीमांसेवर आजही शास्त्रज्ञांत वाद चालू आहेत. परंतु चूक आकाशात नसून पाहणाऱ्याच्या अंतरंगात आहे, यावर दुमत नाही.

मृगजळाची गोष्ट याहून वेगळी आहे. तापलेल्या डांबरी रस्त्यालगतची हवा विरळ होते, तिच्यात आकाशाचा प्रकाश वर वळतो आणि रस्त्यावर चकाकी दिसते. ती कॅमेऱ्यातही उमटते. म्हणजे प्रकाश खरोखरच त्या दिशेने आलेला असतो, डोळा खोटे बोलत नसतो. सूरह अन-नूरच्या ३९ व्या आयतीत सत्य नाकारणाऱ्यांच्या कर्मांना माळरानावरील मृगजळाची उपमा दिली आहे, ती या दृष्टीने पुन्हा वाचावी. तहानलेला त्याला पाणी समजतो, असे तेथे म्हटले आहे. प्रकाश सर्वांसाठीच वळतो. त्या चकाकीचे पाणी करते ती तहान.

आयतीतील ‘समजतो’ या अर्थाचे क्रियापद ह-स-ब या धातूचे आहे. हाच धातू आपल्या रोजच्या मराठीत ‘हिशेब’ होऊन नांदतो आहे. कुरआनात दृष्टिभ्रमाच्या आणखी दोन प्रसंगी हेच क्रियापद येते. सूरह अन-नम्लच्या ४४ व्या आयतीत सबाची राणी हजरत सुलैमान (अ.) यांच्या महालात पाऊल टाकते, काचेच्या जमिनीला खोल पाणी समजते आणि वस्त्र वर उचलते. त्याच सूरहच्या ८८ व्या आयतीत पर्वत स्थिर समजले जातात आणि प्रत्यक्षात ते ढगांसारखे चाललेले असतात. (या आयतीत पृथ्वीचे परिभ्रमण सापडल्याचा आनंद अनेकांना होतो. मागची आयत वाचली असती तर तेथे सूर फुंकला गेल्याचे वर्णन आहे, हे ध्यानात आले असते. बहुतेक भाष्यकारांनी हे दृश्य कयामतचेच मानले आहे. कुरआनला अशा उसन्या दाखल्यांची गरज नाही.) तिन्ही ठिकाणी डोळ्यांनी घात केल्याचे म्हटलेले नाही. चुकला तो हिशेब.

इब्नुल हैसम यांची मांडणी याच दिशेने जाते. डोळ्याला जाणवणाऱ्या गोष्टींची त्यांनी बावीस प्रकारांत गणना केली: प्रकाश, रंग, अंतर, स्थिती, घनता, आकृती, आकारमान, संख्या, गती, स्थिरता, खडबडीतपणा, सावली, सौंदर्य, कुरूपता इत्यादी. यांतील शुद्ध संवेदनेने कळतात त्या दोनच, प्रकाश आणि रंग. उरलेल्या वीस गोष्टी मन ओळखीने किंवा अनुमानाने ठरविते. त्या दोनांचीही शाश्वती नाही. वेगवेगळ्या रंगांचे पट्टे असलेला भोवरा फिरविला की एकच रंग दिसतो, हे त्यांनीच नोंदविले आहे. अनुमान इतक्या वेगाने होते की ते झाल्याचे आपल्याला कळतही नाही. यासाठी त्यांनी लहान मुलाचा दाखला दिला आहे. मुलापुढे दोन सफरचंदे ठेवली तर ते अधिक सुंदर असलेले उचलते. त्याने दोहोंची तुलना केली, निर्णय घेतला. पण आपण काही निर्णय घेतला याची त्याला गंधवार्ता नसते. लोकलमध्ये बसले असता शेजारची गाडी हलते आणि आपलीच सुटल्यासारखे वाटते, तेव्हा आपणही त्या मुलासारखेच असतो.

इमाम गझाली (रह.) यांना हेच सत्य वेगळ्या वाटेने गवसले, आणि त्याने त्यांची झोप उडविली. ‘अल-मुन्किझ’ या आत्मवृत्तात ते सावलीचा दाखला देतात. डोळा तिला थांबलेली ठरवितो, तासाभराने कळते की ती सरकतच होती. तारा डोळ्याला दीनारएवढा दिसतो, भूमितीचे पुरावे त्याला पृथ्वीहून मोठा ठरवितात. सर्वांत भरवशाचे इंद्रिय असे फसते, तर उद्या बुद्धीलाही खोटी ठरविणारा कोणी न्यायाधीश निघणार नाही कशावरून? सुमारे दोन महिने ते या संशयात होते, आणि त्यातून तर्काने नव्हे, तर अल्लाहने हृदयात टाकलेल्या प्रकाशाने बाहेर पडले, असे ते सांगतात. हा ग्रंथ थोर आहे. तथापि काही जण या संशयापाशीच मुक्काम ठोकतात आणि कशाचीच खात्री नाही म्हणून कोणतीच जबाबदारी नाही, असा सोयीचा अर्थ काढतात. तो मला मान्य नाही. सूरह बनी इस्राईलची ३६ वी आयत ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे न लागण्याची आज्ञा देते आणि कान, डोळे व हृदय या तिघांचीही विचारणा होईल, असे बजावते. डोळ्यांबरोबर हृदयाचीही स्वतंत्र विचारणा होणार असेल, तर पाहणे आणि पाहिलेल्याचा अर्थ लावणे या दोहोंचा जाब वेगवेगळा आहे.

बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एक हदीस आहे. हजरत ईसा (अ.) यांनी एका माणसाला चोरी करताना पाहिले आणि विचारले. त्याने अल्लाहची शपथ घेऊन नाकारले. तेव्हा ते म्हणाले की, मी अल्लाहवर विश्वास ठेवतो आणि माझ्या डोळ्यांना खोटे ठरवितो. प्रेषिताने स्वतःच्या डोळ्यांना खोटे ठरवावे, याचे प्रथम आश्चर्य वाटते. भाष्यकारांनी शक्यता मांडली आहे की, त्या वस्तूवर त्या माणसाचा काही हक्क असेल. मग डोळ्यांनी काय पाहिले? एक हात, एक वस्तू, हाताची हालचाल. चोरी बावीस गोष्टींच्या यादीत नाही.

आता आपल्या मोहल्ल्याकडे या. कोणाची तरी मुलगी कोणाच्या तरी मोटारसायकलवरून उतरताना दिसते. मगरिबपासून इशापर्यंत ती बातमी चार घरे फिरते आणि प्रत्येक घरात सांगणारा छातीला हात लावून म्हणतो, ‘मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.’ त्याने दोन आकृत्या, एक वाहन आणि ओढणीचा रंग पाहिला. उरलेले त्याने रचले. तो भाऊ होता की मामा, हे नंतर कळते; तोवर एखादे ठरत आलेले लग्न मोडलेले असते. सूरह अन-नूरने स्त्रीवरील आरोपासाठी चार साक्षीदार मागितले आणि ते न आणणाऱ्यासाठी ऐंशी फटक्यांची शिक्षा सांगितली, ती अशाच आत्मविश्वासासाठी.

याचा अर्थ साक्ष देऊच नये, असा नव्हे. साक्ष लपविणे हेही सूरह अल-बकरहनुसार पापच आहे. शरिअतने या पेचातून वाट कशी काढली, ते रमजानच्या चंद्रात दिसते. हनफी मतानुसार आकाश ढगाळ असेल तर रमजानसाठी एका विश्वासू व्यक्तीची साक्ष पुरते. आकाश निरभ्र असेल तर मात्र मोठा समुदाय हवा. (कोकणातील शाफई बांधवांकडे रमजानसाठी एकाच विश्वासू साक्षीदाराचे मत ग्राह्य धरतात.) ढगांत कमी आणि निरभ्र आकाशात जास्त, हे उलटे वाटेल; पण ढगांतील फटीतून एकालाच दिसणे शक्य आहे, निरभ्र आकाशात शेकडो डोळ्यांना न दिसता एकालाच दिसणे अवघड. ‘हिदाया’ या ग्रंथात याचे कारण देताना जो शब्द वापरला आहे तो ‘गलत’, म्हणजे चूक. तेथे असत्याचा आरोप नाही.

इतिहासग्रंथांत बसऱ्याची एक हकीकत येते. वृद्ध सहाबी हजरत अनस बिन मालिक (रजि.) यांनी चंद्र दिसल्याचे सांगितले आणि बोटही दाखविले, इतर कोणालाच काही दिसेना. चाणाक्षपणासाठी प्रसिद्ध असलेले इयास बिन मुआविया जवळ होते. अनस यांच्या भुवईचा एक पांढरा केस वाकून डोळ्यावर आल्याचे त्यांनी हेरले, तो हळूच सरळ केला आणि म्हणाले, आता दाखवा. अनस यांनी पाहिले आणि आता दिसत नाही, असे सांगितले. ना कोणी हसले, ना कोणी त्यांना खोटे म्हटले.

आपल्याकडे ईदच्या आदल्या रात्री ज्याची साक्ष चांद कमिटीने स्वीकारली नाही, त्याच्या नावाने मोबाइलवर काय काय फिरते, ते आपण जाणता. त्याच्याविषयी हनफी फिक्ह काय म्हणते ते पाहा. ज्याने रमजानचा चंद्र पाहिला आणि ज्याची साक्ष नाकारली गेली, त्याने स्वतः दुसऱ्या दिवशी रोजा धरावा. शहर जेवत असते, तो उपाशी असतो. त्याचे तीस रोजे पूर्ण झाले आणि लोकांना चंद्र दिसला नाही, तर त्याने एकट्याने ईद करू नये. लोकांबरोबर एकतिसावा रोजा धरावा आणि लोकांबरोबरच ईदगाहवर जावे.