शिखराच्या एक पायरी खालीं

मनुष्यानें आपल्या शक्तीचा शेवटचा कणही कामीं लावावा, कीं कांहीं हातचें राखावें, हा प्रश्न जुनाच आहे. तो परवां आम्हांपुढें नव्यानें उभा केला एका चिमुकल्या यंत्रानें. आमच्या पुतण्याच्या खेळांतल्या विमानाचें तें इंजिन.

ह्या इंजिनांत ठिणगी पाडण्याची योजना नसते. अमेरिकेंतील रे आर्डेन ह्यांनीं १९४७ च्या सुमारास प्रचारांत आणलेला ग्लो-प्लग तेथें असतो. त्यांतील प्लॅटिनमयुक्त तारेचें वेटोळें आरंभीं दीड व्होल्टच्या बॅटरीनें तापवितात. इंजिन चालू होऊन स्थिरावलें कीं बॅटरी काढून घ्यावयाची. पुढें ज्वलनाची उष्णता आणि मेथॅनॉलवर घडणारी प्लॅटिनमची क्रिया ह्यांच्या बळावर तार आपली आपणच धगधगत राहते.

इंधन किती जावें हें सुईसारखी एक झडप ठरविते. ती सैल असतां इंजिन अडखळत, धूर ओकीत चालतें. ती आवळीत गेलें कीं आवाज चढत जातो आणि एका बिंदूवर अत्यंत तीव्र होतो. पुतण्यानें तेथेंच हात थांबविला. जवळ उभ्या असलेल्या एका जाणत्या गृहस्थांनीं मात्र सुई पुन्हां किंचित् सैल केली. "काका, वेग कमी झाला कीं!" मुलगा हिरमुसला. गृहस्थांनीं विमानाचें नाक आभाळाकडे धरलें. आवाज चढला, पण खंडला नाहीं.

कारण सरळ आहे. नाक वर होतांच टांकी खालीं राहते व इंधन कमी पोंचतें. शिवाय यंत्राचें वंगण त्या इंधनांतच मिसळलेलें असतें. म्हणजे वेगासाठीं सुई आवळतांना त्या वेगास सांभाळणारें तेलच आपण कमी करीत असतों. जमिनीवर जें शिखर, तें चढणीवर विनाश ठरतें.

आम्ही आमच्या घरांतून दुसरें काय करितों? मुलाचा एक-एक गुण वाढावा म्हणून त्याचा खेळ, झोंप, निवांतपणा आवळीत जातों. आवाज स्वच्छ ऐकूं येतो. आम्ही संतुष्ट होतों. पण सुई आमच्या हातीं आणि जळणें त्याच्या वांट्यास, हें अंतर आम्ही विसरतों. आयुष्याची चढण तर पुढेंच असते.

कोणी म्हणेल, हें आळसाचें समर्थन झालें. तसें नाहीं. त्या गृहस्थांनीं शिखर कोठें आहे हें आधीं ऐकलें, मगच ते मागें सरले. जो तेथवर कधीं गेलाच नाहीं, त्यानें आपल्या सुस्तीला संयम म्हणूं नये. संयम हा सामर्थ्य ओळखणाऱ्यालाच शोभतो.

आणि बॅटरीचें काय? आधार द्यावा, धग धरली कीं तो काढूनही घ्यावा. आम्हां वडीलधाऱ्यांस हें दुसरें काम पहिल्याहून कठीण जातें, एवढें कबूल केलें पाहिजे.